घोंगडी पेठेचा कंडक्टर

मच्छिंद्रराव होले एसटीतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती त्यांच्या बायकोनं. उभी नोकरी या माणसानं चालत्या गाडीत उभ्यानं काढलेली. संगमनेर डेपोत कंडक्टर. आज नाशिक, उद्या पुणे, परवा मुक्कामाची गाडी घेऊन अकोले तालुक्याच्या डोंगरातली एखादी वाडी. घरी यायचे ते जेवायला, झोपायला आणि कपडे बदलायला. आता हा माणूस दिवसभर दोन खोल्यांत काय करणार, असा बनुबाईंना प्रश्न पडला होता.

त्यांनी आधी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, न गळणारेसुद्धा. मग पंखा उतरवून पुसला. मग मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. तेव्हा मात्र बनुबाई म्हणाल्या, "माझ्या सैपाकघरात मला पाट्या लावू नका. जावा, स्टँडवर बसून या."

ते खरंच स्टँडवर जाऊन बसायचे. ओळखीचे ड्रायव्हर हात करायचे. गाडी सुटली की यांचा हात आपोआप खांद्यावर जायचा, तिथं बॅग नसायची. मग उठून परत घरी. बसले तरी एक पाय हलत राहायचा, शिलाई मशीन चालवल्यासारखा.

त्यांचं घर घोंगडी पेठेत. पेठ म्हणायची, पण आहे एकच चौकोन. संगमनेरच्या जुन्या गावात, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला लागून, चारही बाजूंनी एकमेकांना चिकटलेली घरं. बाहेरच्या अंगाला खाली दुकानं, वर राहत्या खोल्या, आणि चौकाच्या अंगाला सागवानी सज्जे. आत सगळ्यांचा मिळून एक फरसबंद चौक, आणि चौकात यायला एकच मोठा दरवाजा. पूर्वी धनगर मंडळी लोकर आणि घोंगडी घेऊन इथंच उतरायची. माल चौकात तोलला जायचा, घोडी तिथंच बांधली जायची. दरवाजाच्या तुळईला तराजू टांगायचा आकडा अजून आहे. घोंगड्यांचं दुकान मात्र एकच उरलंय, राधाकृष्णशेठचं, आणि तेही चादरी नि सोलापुरी टॉवेलांच्या जिवावर. बाकी मग झेरॉक्स, फरसाण, ब्लाऊजपीस, मोबाईलची कव्हरं.

मच्छिंद्ररावांनी चौकातल्या खालच्या दोन खोल्या घेतल्या त्या डेपो जवळ पडतो म्हणून. ते मूळचे देवळाली प्रवऱ्याकडचे, उसाच्या रानातल्या वस्तीवरचे. पेठ किती जुनी, कुणी बांधली, याच्याशी त्यांना कधी देणंघेणं नव्हतं. ते सगळं वरच्या शामकांत सरांना ठाऊक. सर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या त्याच वरच्या खोल्यांत नांदल्या होत्या. मुलगा सुश्रुत पुण्यात नोकरीला. घरात सर आणि त्यांच्या पत्नी प्रेमलावहिनी, दोघंच.

वहिनींचे गुडघे गेले होते. वर जायचा जिना उभा आणि अंधारा, दोर धरून चढायचा. दोन पावसाळे झाले, वहिनी खाली उतरल्या नव्हत्या. भाजीवाली आली की सज्ज्यातून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या आणि वर ओढून घ्यायच्या. बोलायच्याही तिथूनच. पेठेत कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची मुलगी रुसून माहेरी आली, हे सगळं त्यांना वरून दिसायचं.

जानेवारीत एका सकाळी नगरपालिकेच्या माणसानं मोठ्या दरवाजावर नोटीस चिकटवली. इमारत धोकादायक आहे, रहिवाशांनी ती उतरवून घ्यावी. शिवाय रस्ता रुंद व्हायचा होता आणि पेठेची पुढची सगळी बाजू नव्या रस्त्यात जात होती. नोटिशीचा डिंक वाळतो न वाळतो तोच एका बिल्डरची माणसं चौकात येऊन चहा प्यायला लागली. सगळी पेठ आम्हाला द्या, वर फ्लॅट, खाली गाळे, आणि लिफ्ट, असं त्यांचं म्हणणं. बोलायला गोड होती.

मच्छिंद्ररावांनी ती नोटीस उभ्यानं वाचली, पुन्हा वाचली. मग घरात न जाता थेट सरांचा जिना चढले.

"सर, हे आपल्याला उठवायला निघालेत. गप बसायचं का?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "मच्छिंद्रराव, ही पेठ म्हणजे वेगवेगळी घरं नाहीत. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. पुढची ओळ पाडली की मागची आपोआप बसणार. लोकांना आधी हे सांगायला हवं."

"सांगतो की. सांगायचंच काम केलंय जन्मभर."

त्या संध्याकाळी चौकात सगळी पेठ गोळा झाली. लोक दाराशीच घुटमळत होते. मच्छिंद्रराव पायरीवर चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका, दारात गर्दी करू नका, आत लई जागा हाय!" पेठ हसली, पुढं सरकली, आणि तिथून घोंगडी पेठ बचाव समिती सुरू झाली.

पुढचे महिने बनुबाईंना नवरा दिसला तो फक्त जेवायच्या वेळी. सकाळी नगरपालिका, दुपारी वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडं, मध्येच नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कलेक्टर कचेरीत. सर अर्ज लिहायचे, मच्छिंद्रराव पोचवायचे. कुठल्याही साहेबाच्या दारात कितीही वेळ उभं राहायचा त्यांना कंटाळा म्हणून नव्हता. पाय हलायचा थांबला होता. दरवाजावर फलक लागला, 'आमची पेठ, आमची ओळख'. शाळेची पोरं बघायला यायला लागली, आणि मच्छिंद्रराव त्यांना तराजूचा आकडा दाखवून घोड्यांच्या गोष्टी सांगायला लागले. त्यातल्या निम्म्या त्यांनी सरांकडून ऐकल्या होत्या, निम्म्या वाटेत सुचल्या होत्या.

चैत्रात नाशिकहून आर्किटेक्चर कॉलेजातल्या देवश्री नावाच्या बाई विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. चार दिवस त्यांनी पेठ मोजली, खांब ठोकून बघितले, माळ्यावर चढल्या. जाताना म्हणाल्या, "सांगाडा चांगला आहे. सागवान अजून शंभर वर्षं बघेल. पण पश्चिमेच्या अंगाला पाणी मुरलंय. सरांचा जिना आणि त्याच्यावरचा सज्जा, ह्याला पावसाआधी टेकू द्या. बाकी सगळं नंतर."

"देतो की, ताई," मच्छिंद्रराव म्हणाले. त्यांना त्या दुपारी नगरची गाडी गाठायची होती.

टेकू द्यायचं राहून गेलं, मुद्दाम नव्हे. कधी सुतार मिळाला नाही, कधी मोर्चा निघायचा होता. एकदा वहिनींनी पिशवी खाली सोडता सोडता वरून विचारलं, "मच्छिंद्रभाऊ, पेठ वाचली की माझा जिना बदलाल का हो?"

"वहिनी, आधी पेठ, मग जिना!" ते हसत म्हणाले आणि पुढं गेले. वहिनीही हसल्या. पिशवी मात्र त्यांनी जरा सावकाशच वर घेतली.

श्रावणात आठवडाभर पावसाची झिमझिम लागून राहिली. भिंती फुगल्या. एका सकाळी सर दूध आणायला खाली उतरले, दरवाजापर्यंत पोचले असतील नसतील, तोच मागं करकर आवाज झाला. बनुबाई चौकात भांडी घासत होत्या. त्यांनी वर बघितलं तर सरांचा जिना वरून सुटून एका अंगावर कलत होता. मग तो बसलाच. त्याच्याबरोबर सज्ज्याचा अर्धा भाग, मातीचा ढीग आणि धुराळा. खाली कुणी नव्हतं. वर वहिनी होत्या.

"प्रेमला!" सर ओरडले. दुधाची रिकामी पिशवी हातातच.

वरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मी इकडं आहे. खिडकीपाशी."

नगरपालिकेची अग्निशमनची गाडी आली. रस्त्याच्या बाजूनं शिडी लागली. पण वहिनींना खिडकीतून शिडीवर पाय टाकता येईना. शेवटी दोन जवान आत गेले, त्यांनी वहिनींना लाकडी खुर्चीत बसवलं, पट्ट्यांनी बांधलं आणि दोरावर खुर्ची खाली सोडली. सगळी पेठ रस्त्यावर उभी राहून माना वर करून बघत होती. वहिनींनी डोळे गच्च मिटले होते. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी ते उघडले. मच्छिंद्ररावांनी खालून खुर्चीचा पाय धरला. वहिनी रस्त्याकडं बघत होत्या, फरसाणच्या दुकानाकडं, उभ्या रिक्षेकडं, गर्दीतल्या तोंडांकडं. खुर्ची टेकली. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"मला आता परत वर नेऊ नका," त्या म्हणाल्या. म्हणाल्या सरांना, पण बघत होत्या मच्छिंद्ररावांकडं.

त्यांना बनुबाईंच्या आतल्या खोलीत झोपवलं. होलेंचा बिछाना बाहेरच्या खोलीत आला. दुसऱ्या दिवशी पालिकेनं पश्चिमेच्या अंगाला पट्टी बांधून ये-जा बंद केली. बिल्डरची माणसं फळं घेऊन वहिनींना भेटायला आली आणि जाताना आणखी तीन घरांत चहा पिऊन गेली. पेठ डळमळली. राधाकृष्णशेठच म्हणाले, "मच्छिंद्रराव, हट्ट किती करायचा?"

सुश्रुत पुण्याहून आला तो तापलेलाच. चौकात, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "काका, त्या नाशिकच्या बाईंनी चैत्रातच सांगितलं होतं ना टेकू द्यायला? तुम्ही फलक लावत बसलात. माझी आई वर अडकली होती तुमच्या मोहिमेपायी."

आयुष्यात प्रवाशांच्या शिव्या मच्छिंद्ररावांनी पुष्कळ खाल्ल्या होत्या. त्यांना उलट बोलता यायचं. यावेळी ते दरवाजातून बाहेर पडले.

स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती. ते चढले. सिन्नरला उतरले. तिथं उसाचा रस घेतला, तो अर्धाच पिऊन ठेवला, आणि परतीच्या गाडीत बसले.

घरी बनुबाई मेथी निवडत होत्या. आत वहिनींचा डोळा लागला होता.

"कुठं गेल्ता?"

"सिन्नरला."

"कशाला?"

"परत यायला."

बनुबाईंनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली. मग खाली बघूनच म्हणाल्या, "एक बोलू? तुमाला पेठेचं काय पडलं न्हाई. तुमाला घरात बसवत न्हाई, म्हून तुमी पेठ वाचवायला निघालात. ह्याच्या जागी दुसरं कायबी असतं, तर तुमी तेबी केलं असतं."

"म्हंजी मी ढोंगी?"

"ढोंगी न्हाई म्हनत मी. पळताय म्हनते. गाडी सुटली की तुमाला बरं वाटतं. खाली कोन उतरलं, वर कोन राह्यलं, ह्याची गिनती तुमी तिकिटाच्या पेटीत करायचा. हितं केलीच न्हाई."

मच्छिंद्ररावांना राग आला. ते उठून चौकात गेले, चौकाला फेऱ्या मारल्या, परत आले, पुन्हा गेले. राग काही उतरेना, कारण तो कुणावर काढायचा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी दारात उभं राहून म्हणाले, "मग आता काय करू, ते तरी सांग."

"पेठेत कुनाला काय पायजे ते इचारा. फलक घरी ठिवून जावा."

तेवढं ते ऐकले. पुढचे दिवस ते एकेका घरात गेले आणि बसले. बसणं हेच त्यांना अवघड. एका घरात संडास लांब म्हणून म्हातारा पाणीच कमी प्यायचा. एकीकडं वायरी जुन्या, स्विचला हात लावला की झिणझिण्या. एका सुनेला वाटायचं, फ्लॅट मिळाला तर निदान दार लावून घेता येईल. ही माणसं इतके महिने सभेला येऊन टाळ्या वाजवत होती, आणि यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

समितीची मागणी बदलली. 'पेठेला हात लावू नका' हे पुसून 'पेठ दुरुस्त करू द्या' असं झालं. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम केलेला भीमा सुतार कर्जतहून बोलावला. पश्चिमेच्या अंगाला टेकू लागले. देवश्रीबाई पुन्हा आल्या आणि टेकू कुठं द्यायचे ते त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं. मच्छिंद्रराव त्यांच्या मागं मागं खडू घेऊन होते, आणि यावेळी कुठलीही गाडी गाठायची नव्हती.

एका संध्याकाळी बनुबाईच वहिनींना म्हणाल्या, "ह्या खालच्या खोल्या तुमीच घ्या. जिना नवा झाला की आमी वर जाऊ. ह्यांला चढउतार झालेली बरीच हाय."

मच्छिंद्ररावांनी मान हलवली. सरांचे डोळे भरून आले. पण वहिनी म्हणाल्या, "नको बनुबाई. तुमचं मन मोठं आहे. पण मला पुण्याला जायचंय."

सर दचकले. "प्रेमला, आता तर सगळं जमत आलंय."

"तुमचं जमत आलंय. मी दोन वर्षं सज्ज्यातून खाली बघितलं. आता मला खालून वर बघायचंय, रोज. तिथं लिफ्ट आहे, समोर बाग आहे. मला जाऊ द्या."

सर बायकोकडं बघत राहिले. या सात-आठ महिन्यांत त्यांनी इतके अर्ज लिहिले होते, पेठेचा इतिहास पाठ म्हणून दाखवला होता, आणि शेजारच्या खोलीत ही बाई काय मोजत बसली होती ते त्यांना माहीतच नव्हतं.

सुश्रुतनं लगेच बिल्डरचा विषय काढला. आपल्या खोल्यांचा कोपरा त्याला देऊन टाकू म्हणाला. कोपरा गेला असता तर शेजारच्या दोन्ही भिंती उघड्या पडल्या असत्या. वहिनींनी मुलाला थांबवलं.

"मला जायचंय. पेठ पाडायची नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुश्रुत."

दसऱ्याआधी टेम्पो आला. सामान फार नव्हतं, ते भीमानं लावलेल्या शिडीवरून उतरवलं. सरांनी खोल्यांना कुलूप लावलं, किल्ली बनुबाईंच्या हातात दिली, आणि मच्छिंद्ररावांशी काही न बोलता गाडीत बसले. राग होता की रडू, ते कळलं नाही. मच्छिंद्ररावांनी सवयीनं दार ओढून बघितलं, नीट लागलंय का.

समितीच्या हरकतींची सुनावणी नगरपालिकेत दिवाळीनंतर झाली. सर नव्हते, त्यामुळं बोलायचं मच्छिंद्ररावांनाच होतं. पाठ करून आणलेलं सगळं ते साहेबांसमोर विसरले. पालिकेचे मुख्याधिकारी तरुण होते, त्रासलेले होते. त्यांनी एकच विचारलं, "इतिहास वगैरे ठीक आहे हो. पण उद्या आणखी एक जिना पडला, कुणी मेलं, तर जबाबदार कोण?"

मच्छिंद्रराव म्हणाले, "साहेब, पडला तो माझ्या निष्काळजीपणानं पडला. मला सांगितलं होतं, मी केलं न्हाई. आता टेकू दिलेत, नवा जिना उभा राह्यलाय. तुमचा इंजिनिअर पाठवा. त्यानं पास केलं न्हाई, तर फलक मीच काढतो."

समितीच्या वकिलानं कपाळाला हात लावला. पण इंजिनिअर आला. दोनदा आला. माळ्यावर चढला, खांब ठोकले, देवश्रीबाईंशी तासभर हुज्जत घातली.

निकाल फाल्गुनात लागला. इमारत उतरवायची नोटीस मागं घेतली. रस्ता थोडा समोरच्या बंद पडलेल्या वखारीकडं सरकवायचा ठरलं, पण थोडाच. पुढच्या दुकानांचे ओटे गेले. राधाकृष्णशेठ ज्या ओट्यावर रोज पेपर वाचायचे तो एका सकाळी जेसीबीनं उचलला, आणि शेठ दुकानात खुर्ची टाकून रस्त्याकडं पाठ करून बसले. शिवाय हे सगळं तात्पुरतं होतं. रस्त्याच्या बदलाला वरची मंजुरी यायची होती आणि ती कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. पेठेत पेढे वाटले गेले. मच्छिंद्ररावांनी एक पेढा घेतला, तो खिशातच राहिला आणि शर्ट धुवायला टाकताना बनुबाईंना सापडला.

पाडव्याला त्यांनी पुण्याला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, जिना लई झकास झालाय. ठेंगण्या पायऱ्या, दोन्ही अंगाला कठडा, वर उजेडाला झरोका. एकदा येऊन चढून बघा."

"चांगलं केलंत. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." त्यांचा आवाज खुशीत होता. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. त्या बागेतच बसल्या होत्या. "पेठ वाचवलीत, मला आनंद झाला, खरंच. पण मला बोलावू नका हं, भाऊ. मी इथं सुखात आहे."

"आन सर?"

"ते बाल्कनीत उभे असतात. खाली गाड्या बघतात. फार बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांना पाठवते तुमच्याकडं, राहू देत महिनाभर."

फोन ठेवल्यावर बनुबाईंनी विचारलं, "काय म्हनल्या?"

"सर येनार हायेत."

"आन त्या?"

मच्छिंद्ररावांनी खिळ्यावरची किल्ली काढली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जिना चढून गेले. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. आत सहा महिन्यांची धूळ होती. त्यांनी आधी रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडली, मग चौकाच्या बाजूची, आणि झाडायला सुरुवात केली. मध्येच थांबून त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, ओल आली आहे का. एका ठिकाणी हाताला गार लागलं. त्यांनी खिडकीतून वाकून हाक मारली, "अगं, भीमाचा नंबर दे बरं!"